मॅग बसवले, दिसतात झकास, पण गाडी घासते! हा ऑफसेट काय प्रकार आहे?

पांदणकर (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)
८ जुलै, रात्री ९:४०

मंडळी, मे महिन्यात हौसेनं गाडीला मॅग (अलॉय व्हील) बसवले. गाडी कोणती ते मुद्दाम लिहीत नाही. मागच्या एका धाग्यावर कंपनीच्या नावावरून चार पानं भांडण झालं आणि मूळ प्रश्न तसाच राहिला. चार नटांची साधी हॅचबॅक समजा. कंपनीची चाकं लोखंडी, १५ इंची, वर १७५/६५ टायर (रुंदी १७५ मिमी, टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के). दुकानात १६ इंची मॅग पसंत केले, त्यावर २०५/५५ टायर चढवले. दुकानदार म्हणाला, "पीसीडी शंभरच आहे, डोळे मिटून बसवा." (पीसीडी म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, मिमीमध्ये.) बसलेही. अंगणात उभी गाडी बघून घरचे खूश, मीही खूश.

पहिला त्रास पेरणीच्या वेळी झाला. डिकीत डीएपी खताच्या दोन बॅगा, मागच्या सीटवर तिघं. नाल्याच्या रपट्यावर गाडी दबली आणि मागून खर्रर्र. उतरून पाहतो तर मागच्या चाकावरच्या पत्र्याची कड घासून चकचकीत झालेली. दुसरी गोष्ट, पांदणीतल्या चाकोरीत पुढची चाकं गेली की स्टेअरिंग हातातून ओढून घेतं. तिसरी गोष्ट, दारं चिखलानं पार माखतात. त्याच रस्त्यानं चार वर्षं जातो, एवढा चिखल कधी उडत नव्हता.

दुकानात फोन केला तर म्हणे, "ऑफसेटचा फरक असेल, थोडंफार चालायचंच." बसवताना हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नव्हता. कोणी समजावून सांगेल का?


लिंबाचा_पार
८ जुलै, रात्री १०:०५

पयले फोटो टाका ना भाऊ! चाक बाहीर आलं म्हन्जे गाडी पयलवानावानी दिसते. आमच्या गावात एका पोट्ट्यानं असेच मॅग लावले होते. वरातीच्या दिवशी नवरदेव न् करवल्या मिळून सहा जन बसले, चाक पत्र्यात फसलं. नवरदेव खाली उतरून उभा न् वऱ्हाडी गाडी ढकलून रायले.


जुना_फिटर (जि. वाशिम)
९ जुलै, सकाळी ६:५०

पांदणकर, स्टँडवर गेलात की उभ्या एसटीची चाकं नीट बघा. पुढच्या चाकाची ताटली (नटांची भोकं असलेला मधला भाग) बाहेर फुगलेली, नट हाताशी. मागच्या जोडचाकांपैकी बाहेरचं चाक पातेल्यासारखं खोल, नट पार आत. लोकांना वाटतं ही दोन वेगळी चाकं आहेत. एकच चाक आहे ते! एकाच ढिगातून काढायचं, पुढे एका तोंडानं बसवायचं, मागे दुसऱ्या तोंडानं. आगारात ३१ वर्षं हेच केलं.

हे जमतं, कारण ताटली चाकाच्या मधोमध नसते, एका कडेकडे सरकलेली असते. ताटली बाहेरच्या कडेला असली की चाकाचा बहुतेक भाग गाडीच्या पोटात जातो. तीच आतल्या कडेला आली की चाक बाहेर येतं. ताटली मधल्या रेषेपासून किती सरकली आहे ते अंतर म्हणजे ऑफसेट.

आता पुस्तकी भाषेत. चाक रुंदीत बरोबर मधोमध कापलं असं समजा. त्या रेषेपासून हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक नटांनी बसतं त्याला) टेकणारी सपाट जागा किती मिलीमीटरवर आहे ते मोजायचं. जागा रस्त्याच्या बाजूला असेल तर पॉझिटिव्ह, ब्रेकच्या बाजूला असेल तर निगेटिव्ह, मधोमध असेल तर शून्य. आजच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या लहान गाड्यांचा ऑफसेट बहुधा ३५ ते ५० पॉझिटिव्ह असतो. तुम्हाला त्यापेक्षा बराच कमी आकडा चिकटवला असणार, म्हणून चाक बाहेर आलं.


काळी_कसदार (ता. देवळी, जि. वर्धा)
९ जुलै, दुपारी १:१५

काका, वाचून हसू आलं. आमच्याकडे हे काम दर हंगामात होतं, फक्त नाव माहीत नव्हतं. कपाशीत ट्रॅक्टरनं डवरणी करायची तर मागची चाकं कपाशीच्या दोन तासांच्या (ओळींच्या) मधूनच गेली पाहिजेत, नाहीतर झाडं चिरडली. मग आम्ही चाक काढून ताटली उलटी करतो, रिमच्या कानांवर ती आत किंवा बाहेर घेतो. दोन चाकांमधलं अंतर साधारण १०० मिलीमीटरच्या टप्प्यानं कमीजास्त होतं. ताटलीसकट आख्खं चाक उलटलं तर डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे लावावं लागतं, नाहीतर टायरचा व्ही उलटा होतो आणि चिखलात पकड राहत नाही. पहिल्या वर्षी आम्ही हे विसरलो होतो. आख्खा दिवस गेला!

पण मग माझा प्रश्न असा, की ट्रॅक्टरला एवढं अंतर चालतं तर कारला चार बोटांनी काय फरक पडतो?


जुना_फिटर
९ जुलै, दुपारी २:००

ताई, प्रश्न बरोबर आहे. ट्रॅक्टरचा मागचा आस सरळ घरात बसवलेला, वर खाली होणारी स्प्रिंग नाही, चाकाभोवती मोकळी जागा भरपूर. वेग किती, तर २५-३०. आणि चाक आत-बाहेर होणार हे धरूनच कंपनीनं आस आणि बेअरिंग दणकट केलंय. कारचं चाक एका ठरलेल्या खोबणीत वर खाली होतं, पुढचं तर वळतंही. कंपनीनं तिथं बोटभर जागा सोडलेली असते. ती तुम्ही वापरून टाकली की उरलं काय?


मोजपट्टी (सध्या मु. पो. कारंजा लाड)
९ जुलै, रात्री ८:३०

गणित करू. पांदणकर, दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूला किंवा आऱ्यांच्या मागे आकडे कोरलेले असतात, ते इथं लिहा. इंच, त्यापुढे 'जे' (रिमच्या कडेच्या आकाराची खूण), आणि 'ईटी' या अक्षरांपुढचा आकडा. ईटी म्हणजे जर्मनमधलं आइनप्रेसटीफे. किती खोल दाबून बसवलं आहे, ती खोली.


पांदणकर
१० जुलै, सकाळी ७:२०

जुनी चाकं गोठ्यात होती, आईनं दोघांवर फळी टाकून ढेपेचं पोतं ठेवलंय. घासून वाचलं. जुनं १५ × ५.५ जे, ईटी ४५. नवं १६ × ७ जे, ईटी २५.


मोजपट्टी
१० जुलै, सकाळी ९:१०

चोर सापडला. इंचाला २५.४ मिलीमीटर धरा.

जुनं चाक ५.५ इंच, म्हणजे १३९.७ मिमी. अर्धं ६९.८५. ऑफसेट पॉझिटिव्ह ४५ आहे, म्हणून हबच्या टेकूपासून बाहेर ६९.८५ वजा ४५, म्हणजे जेमतेम २५ मिमी. आत ६९.८५ अधिक ४५, म्हणजे ११५ मिमीच्या जवळ.

नवं चाक ७ इंच, १७७.८ मिमी. अर्धं ८८.९. बाहेर ८८.९ वजा २५, म्हणजे ६४ मिमी. आत ८८.९ अधिक २५, म्हणजे ११४ मिमी.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघा. आतल्या बाजूला जवळजवळ काहीच बदललं नाही, उलट एक मिमी मोकळं झालं. बाहेर मात्र चाक ३९ मिमी पुढे आलं! दीड इंचाची सगळी वाढ एकाच बाजूला गेली. दुकानदारानं शॉकअबला (आतल्या शॉक अॅब्सॉर्बरला) लागत नाही एवढं बघितलं आणि चावी हातात दिली. उभ्या गाडीला सगळंच बसतं हो.


काळी_कसदार
१० जुलै, सकाळी ९:४५

पण पत्र्याला रिम लागते की टायर? टायरचं पोट रिमच्या बाहेर असतं ना.


मोजपट्टी
१० जुलै, सकाळी १०:०५

ताई, मान्य. मी रिमवर थांबलो. टायर धरून पुन्हा मांडतो. १७५ चं अर्धं ८७.५, २०५ चं अर्धं १०२.५, म्हणजे दोन्हीकडे १५ वाढले. ऑफसेट २० नं घटला, म्हणून बाहेर १५ अधिक २० म्हणजे ३५ मिमी. आत १५ वजा २०, म्हणजे ५ मिमी मोकळं. पत्र्याशी भांडण टायरचं, म्हणून ३५ च धरा.

शिवाय उंची. १७५/६५ वर १५ इंच म्हणजे व्यास ६०८ मिमीच्या आसपास. २०५/५५ वर १६ इंच म्हणजे ६३२. टायर पत्र्याच्या १२ मिमी जवळ आला, तोही बाहेर येऊन. वर डीएपी आणि मागे तिघं. घासला नसता तरच नवल. आणि हो, मीटरवर १०० दिसतं तेव्हा पूर्वीच्या मानानं गाडी जवळपास १०४ नं चाललेली असते.


नागपुरी_तर्री
१० जुलै, रात्री ११:३०

तुम्ही लोक उगाच घाबरवता. माझ्या गाडीला चार वर्षं मॅग आहेत. नागपूर ते शिर्डी समृद्धीवर कितीदा गेलो, १२० ला गाडी काट्यासारखी सरळ. बाहेर आलेलं चाक म्हणजे पाया रुंद, गाडी वळणावर घट्ट बसते. हे काय खोटं आहे का?


मोजपट्टी
११ जुलै, सकाळी ७:४५

खोटं नाही. दोन चाकांमधलं अंतर वाढलं की गाडी थोडी कमी झुकते. पण किती आणि कशाच्या बदल्यात? तुमच्या चाकाचा ईटी काय, आणि कंपनीचा काय होता?


नागपुरी_तर्री
११ जुलै, सकाळी ११:२०

आत्ता खाली जाऊन पाहिलं. माझा ३८, कंपनीचा ४५. रुंदी ६ इंच.


जुना_फिटर
११ जुलै, दुपारी १२:१०

मग तुमचं बरोबर चाललंय, तक्रार कशी येणार? ५ ते ७ मिमीचा फरक बहुतेक गाड्या पोटात घालतात. पांदणकरांचा फरक २० चा आहे, वर दीड इंच रुंदी. आणि समृद्धीवर नाला नाही, पांदण नाही, डिकीत खत नाही. तुमची चाचणी सिमेंटच्या रस्त्यावर झाली, त्यांची काळ्या मातीत झाली.

स्टेअरिंगचं सांगतो. पुढचं चाक वळतं ते एका तिरक्या रेषेभोवती. ती रेषा वरून खाली ओढत नेली की जमिनीला एका जागी टेकते. टायर जमिनीवर जिथं टेकतो त्याचा मध्य आणि ही जागा, यांच्यात थोडंच अंतर ठेवलेलं असतं. पुष्कळ पुढच्या चाकांच्या गाड्यांत तर टायरचा मध्य त्या जागेच्या किंचित आतच ठेवतात. १९७२ च्या ऑडी ८० पासून ही पद्धत रुळली. ब्रेकची एक लाईन फुटली आणि एकाच बाजूचं पुढचं चाक धरलं, तरी गाडी भलतीकडे फिरू नये म्हणून. तुम्ही ऑफसेट २० नं कमी केला म्हणजे टायरचा मध्य २० मिमी बाहेर नेला. कंपनीनं मिलीमीटर मिलीमीटर मोजून बसवलेली गोष्ट एका दुपारी मोडली. आता खड्ड्याचा किंवा चाकोरीच्या कडेचा प्रत्येक दणका लांब दांड्यानं स्टेअरिंगला बसतो. कुदळीचा दांडा आखूड धरला तर हाताला कमी झोंबतं, लांब धरला तर जास्त, तसं.

बेअरिंगचंही तेच. वजन बेअरिंगच्या मधोमध पडावं असं ते बनवतात. चाक बाहेर गेलं की वजन एका कडेवर येतं. एका दिवसात काही होत नाही. वर्ष-दोन वर्षांनी ६० च्या वर गेलं की पुढून भुंग्यासारखा आवाज येतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं टायरचा आवाज आहे.


लिंबाचा_पार
११ जुलै, दुपारी १२:३०

काका, चाकोरीचं बरोबर बोलले. बंडीची चाकोरी एकाच मापाची असते. पयले सगळ्या बंड्या त्या एकाच रेषेतून जात. आता ट्रॅक्टरनं ती रुंद करून टाकली. न् आपले मॅगवाले धड बंडीच्या मापात नाही, धड ट्रॅक्टरच्या. एक चाक खाली, एक टेकाडावर, मंग स्टेरिंग नाई ओढीन तं काय!


पांदणकर
११ जुलै, रात्री ९:००

आता डोक्यात प्रकाश पडला. चिखलाचंही कळलं, टायर पत्र्याच्या बाहेर आला म्हणून चिखल थेट दारावर. पण पैसे तर गेले. इथल्या एका मेकॅनिकनं दोन उपाय सांगितले: पत्र्याची आतली कड ठोकून वर वळवायची, किंवा मागे स्प्रिंगमध्ये रबर घालून गाडी उंच करायची. तिसरा एक जण म्हणतो स्पेसर (हब आणि चाक यांच्यात घालायची चकती) टाक. काय करू?


मोजपट्टी
११ जुलै, रात्री ९:२५

स्पेसर?! स्पेसर चाक आणखी बाहेर नेतो. १० मिमीचा स्पेसर टाकला की तुमचा ईटी २५ चा १५ झाला. ज्यानं सांगितलं त्याला गाडीखाली जाऊ देऊ नका.

स्पेसरवर आणखी एक, कारण कोणीतरी हा धागा पुढे त्यासाठीच वाचेल. स्पेसरनं नटाला मिळणारे आटे कमी होतात. स्टड (नट बसतो तो दांडा) १२ मिमी जाडीचा आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५ मिमी असेल तर नट निदान आठ पूर्ण फेरे बसला पाहिजे. चार-पाच फेऱ्यांत घट्ट वाटला तरी तो बसलेला नाही.


जुना_फिटर
१२ जुलै, सकाळी ६:३०

कड ठोकली की रंग तडकतो, आणि ओल तिथंच धरते. दुसऱ्या पावसाळ्यात गंज. रबर घातलं तर खर्रर्र थांबेल, स्टेअरिंग आणि बेअरिंगचं दुखणं राहीलच. आणि विम्याचा विचार करा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर निकाल दिला, कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडीत फेरफार करता येत नाही म्हणून. अपघातानंतर सर्व्हेअर आधी चाकं बघतो.

माझं मत विचाराल तर चाकं बदला. तोवर जुनी लोखंडी लावा. ढेपेचं पोतं दुसरीकडे ठेवा.


काळी_कसदार
१२ जुलै, सकाळी ८:१०

घेण्याआधी नवं चाक घरी मोजता येतं का? दुकानातल्या स्टिकरवर विश्वास नाही. बियाण्याच्या पाकिटावर ठेवून पाहिला आहे.


मोजपट्टी
१२ जुलै, सकाळी १०:४०

येतं. टायर नसलेलं चाक तोंडावर पालथं ठेवा, हबकडची बाजू वर. रिमच्या दोन कडांवर एक सरळ पट्टी आडवी टाका. पट्टीपासून खाली हबला टेकणाऱ्या जागेपर्यंत टेप लावा. याला बॅकस्पेसिंग म्हणतात. मग कडेपासून कडेपर्यंत एकूण रुंदी मोजा. ही कोरलेल्या रुंदीपेक्षा साधारण इंचभर जास्त येते, कारण कोरलेलं माप टायर बसतो तिथलं असतं आणि कडांची जाडी वेगळी. लोक इथंच चुकतात. एकूण रुंदीचं अर्धं करून बॅकस्पेसिंगमधून वजा करा.

माझ्या स्वतःच्या चाकाचं: एकूण १६५, अर्धं ८२.५, बॅकस्पेसिंग १२७. उरले ४४.५. चाकावर ४५ कोरलेलं आहे. टेपनं यापेक्षा जवळ जाता येत नाही.

टायर चढवलेला असेल तर पट्टी टायरच्या पोटावर टेकते. मग पट्टी आणि रिमची कड यांतली फट वेगळी मोजून वजा करा.


नागपुरी_तर्री
१२ जुलै, दुपारी ४:००

मधल्या भोकाचं आणि पीसीडीचंही सांगा. माझ्या मित्राला फियाटचे ४ × ९८ चे मॅग ४ × १०० च्या हबवर बसवून दिले होते. दोन मिमीचा फरक डोळ्याला दिसतच नाही. नट तिरपे बसले, ८० ला गाडी थरथरायची. तीनदा बॅलन्सिंग केलं, कोणाच्या लक्षात आलं नाही.


मोजपट्टी
१२ जुलै, दुपारी ४:३५

बरोबर, आणि ते फार धोक्याचं. मधलं भोक मोठं असेल तर हब-रिंग घालून चाक मध्यावर आणता येतं. पीसीडी चुकला तर मात्र रिंगनं भागत नाही. पावसाळ्यात थरथर आली की बॅलन्सिंगच्या आधी एक काम करा, चाकाच्या आतल्या पोटातला वाळलेला चिखल खरवडून धुवा. खोल मॅगमध्ये अर्धा किलो काळी माती सहज चिकटून बसते. निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात.


पांदणकर
तान्हा पोळा, दुपारी ३:१०

उशिरा लिहितो आहे, कामं होती. दुकानदारानं मॅग परत घेतले नाहीत. दुसरे घेतले: १५ × ६ जे, ईटी ४०, टायर १८५/६०. मोजपट्टींच्या रीतीनं मांडून बघितलं. टायर धरून बाहेर १० मिमी, आत शून्य. व्यास जुन्यापेक्षा ५ मिमीच कमी. मधलं भोक मोठं होतं, रिंगा घातल्या.

चाचणी घरीच केली. पोळ्याला बैलांसाठी आणलेला गेरू उरला होता, तो कालवून पत्र्याच्या आतल्या कडेला आणि शॉकअबला फासला. डिकीत तुरीचे दोन कट्टे, मागे भाऊ आणि त्याचे दोन मित्र. दोन्हीकडे पूर्ण स्टेअरिंग मारून रपट्यावरून तीन चकरा. टायरला गेरू लागला नाही. मित्रांच्या पँटला मात्र लागला. शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा पान्यानं बघितले, एक पाव फेरा ढिला निघाला.

पांदणीत स्टेअरिंग आता पूर्वीसारखं. दारं तेवढी थोडी माखतात, ते १० मिमी कुठंतरी दिसणारच.

जुने मॅग विकायचे आहेत. चार नग, १६ × ७ जे, ईटी २५, पीसीडी ४ × १००, मधलं भोक ७३.१, एकावर रपट्याचा ओरखडा. तुमच्या गाडीचा मूळ ईटी ४०-४५ असेल तर कृपया विचारू नका, मी देणार नाही.


लिंबाचा_पार
तान्हा पोळा, दुपारी ३:३०

टायरच्या बंडीले बसतीन का? पुढच्या वर्षी पोळ्यात मॅगवाली बंडी काढू.


जुना_फिटर
तान्हा पोळा, संध्याकाळी ५:४५

आधी बंडीच्या हबचा पीसीडी मोजून टाका.